दोन मस्टरांवरची सही

आम्ही सगळ्या तिला फौजदारीणबाई म्हणायचो. दूध आलं की आधी वास घेणार, पत्र आलं की आधी पाकिटाची कड तपासणार. एम.एस्सी. नर्सिंगची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली, पण कपाटाची किल्ली कुठे ठेवते ते तिनं मला कळू दिलं नाही. मला राग यायचा. मी काय चोर होते?

प्रवेशाच्या वेळीच कॉलेजनं आमची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. शिकून झाल्यावर त्याच हॉस्पिटलात एक वर्ष बंधपत्राची नोकरी केली की ती परत मिळणार होती. फौजदारीणबाईंची तीन वर्षांची लेक सासूबाईंकडे होती. कागद हातात आले की घराजवळ नोकरी धरायची, एवढाच तिचा ध्यास. मलाही घरीच जायचं होतं.

निकाल लागला, बंधपत्राचं वर्ष सुरू झालं. आम्ही सवयीनं विद्यार्थिनींच्याच मस्टरवर सही करत राहिलो. त्यावरूनच विद्यावेतन निघत होतं, मग कोण कशाला विचारतंय! तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. शिक्षण संपलं तर विद्यावेतन कसलं, पगार का नाही, असं तिनं कॉलेजच्या कारकुनाला विचारलं. हा कारकून माझ्या आईचा मावसभाऊ, म्हणजे माझा मामा. दोन्ही एकच, उगाच राईचा पर्वत करू नका, असं तो म्हणाला. मी मामाची बाजू घेऊन तिला चारचौघींत चिडवलं.

वर्ष भरलं तेव्हा कळलं की बंधपत्राचे दिवस मेट्रनच्या ऑफिसातल्या मस्टरवरून मोजतात. त्यात आम्हा अकरा जणींपैकी एकीच्याच, फौजदारीणबाईंच्या, सह्या होत्या. वॉर्डची चादरी-औषधांची यादी द्यायला म्हणून ती रोज वर मेट्रनकडे जायची, तेव्हा गुपचूप केलेल्या. तिला कागद मिळाले. आमचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. मामानं मान वर केली नाही. त्याला माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही.

खोलीत ती बॅग भरत होती. मी भांडायलाच गेले होते.

"एका शब्दानं सांगायचं होतंस."

"तू मामाला सांगितलं असतंस," ती म्हणाली. "मग माझीही सही बंद झाली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खोटं तरी कसं ठरवणार? मी सांगितलंच असतं, त्याच दिवशी, हसत हसत.