सोडायचा, आपटायचा नाही

क्रीडागृहाच्या चाव्या बावीस वर्षं मावशींच्या कमरेला होत्या. झाडणं, पुसणं, चेंडूत हवा भरणं सगळं त्यांच्याकडे. मावशींच्या नाकावर राग असतो, असं खेळाडू म्हणत. पण तो राग फुकटचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी बास्केटखाली चेंडू नीट उसळला नाही म्हणून त्यांची लेक वाकली, पायाखालची फळी खचली आणि तिचा गुडघा कायमचा गेला. आता नवी लाकडी जमीन घातली होती. घालणारा ठेकेदार तोच, जुनी खचलेली जमीन घालणारा.

त्याने दारापाशी चेंडू आपटून दाखवला. चेंडू छातीच्या वर उडाला, क्रीडागृहाच्या सचिवांनी मान डोलावली आणि जमीन ठीक असल्याचा कागद मावशींपुढे सरकवला. एवढी सही झाली की उद्यापासून पोरी खेळायला मोकळ्या. मावशींचं डोकंच फिरलं. असा आपटला तर चेंडू गादीवरूनही उसळेल, त्यात जमिनीचं काय कौतुक? त्यांनी एक दिवस मागून घेतला.

मग त्यांनी काठीला मोजपट्टी बांधली. चेंडू एकच, उंची एकच, आणि हात फक्त उघडायचा. लेक खुर्चीवर, एक पाय लांब करून, डोळा पट्टीच्या रेषेत आणून आकडा सांगायची. बाहेरच्या सिमेंटच्या पायरीवर एकशे बावीस सेंटीमीटर. आत दारापाशी एकशे वीस. बास्केटखाली ऐंशी. रबरी चेंडू ठेवून कातडी घेतला, तर आकडे थोडे हलले, पण चेंडू मेला त्याच जागी. फळ्यांखाली आधारच नव्हता. अशा एकोणीस जागांवर मावशींनी खडूने गोल काढले, आणि प्रत्येक गोलाबरोबर ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी सचिवांना घेऊन ठेकेदार आला आणि हसला. आधी चेंडू खराब, मग हवा दमट, मग मावशींचा हात थरथरतो, असं एकेक काढत गेला. शेवटी लेकीकडे वळला.

"खुर्चीवर बसून काय आकडा कळतो? जरा खाली वाकून बघा."

सचिवांनी मान खाली घातली. मावशी आता फुटणार हे त्यांना दिसत होतं. पण मावशींचा आवाज चढलाच नाही.

"तिला वाकता येत नाही. तुमच्या मागच्या जमिनीने मोडलाय तो गुडघा. तुमचे शाबूत आहेत, तुम्ही वाका."

ठेकेदाराने सचिवांकडे पाहिलं. सचिव पट्टीकडे बघत होते. मग तो बास्केटखाली, खडूच्या गोलाशेजारी उकिडवा बसला. लेकीने काठी धरली, मावशींनी हात उघडला, चेंडू पडला आणि जेमतेम कमरेपर्यंत आला.

"वाचा," मावशी म्हणाल्या. "मोठ्याने."

"ऐंशी," तो म्हणाला.

मावशींनी चेंडू उचलला आणि दुसऱ्या गोलाकडे बोट दाखवलं. "आता तिथे बसा. अजून अठरा आहेत."