लेले सरांचा चाकू आणि पेणकरपाड्याची पोर

डॉक्टरांच्या टेबलाच्या खालच्या खणात फुकट मिळालेली सॅम्पलची औषधं साठत जातात. फेकवत नाहीत, कुणाला द्यावी तर तारीख उलटून गेलेली. किश्श्यांचंही तसंच आहे. फरक इतकाच की ते जुने झाल्यावर जास्त लागू पडतात. माझ्या खणातले बरेचसे आमच्या सीएमईचे आहेत. सीएमई म्हणजे डॉक्टर लोकांची रविवारची शाळा. नवीन काय आलंय ते मोठ्या डॉक्टरांनी येऊन शिकवायचं आणि आम्ही सर्टिफिकेट घेऊन घरी जायचं. दोन हजार सालानंतर मीरा-भाईंदरमध्ये इमारतींइतक्याच वेगानं डॉक्टरही वाढले, तेव्हा आमच्या डॉ. सबनीसांनी ही शाळा काढली. मी लहान मुलांचा डॉक्टर, क्लिनिक गोडदेवला, त्यामुळे पहिल्या बाकावर बसायची सक्ती.

* * *

पहिलाच विषय होता मुलांची हाडं. शिकवायला मुंबईहून एक तज्ज्ञ येणार होते. दहाचं लेक्चर, साडेदहाला त्यांचा फोन आला.

"मी पुलावर आहे. खाली खाडी दिसतेय."

सबनीस म्हणाले, "सर, खाडी दिसायला नको होती."

तज्ज्ञ आमचं वळण चुकून सरळ वरसावेचा पूल ओलांडून वसईच्या वाटेला लागले होते. ते वळून येईपर्यंत हॉटेलवाल्यानं जेवण मांडलं आणि आमच्या डॉ. मेहतांनी पुढं नेहमीचा झालेला, जेवण कधी हा प्रश्न विचारला, "सबनीसभाई, जमवानुं क्यारे?" उत्तराची वाट कुणी पाहिली नाही. तज्ज्ञ पोचले तेव्हा अर्धा हॉल श्रीखंड खाऊन पेंगत होता आणि उरलेला अर्धा घरी गेला होता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. लेक्चर संपेपर्यंत एका डॉक्टरनं भटारखान्याच्या दाराशी पहारा द्यायचा. आम्ही त्याला जेवणाची ड्यूटी म्हणतो. आयसीयूची ड्यूटी त्यापेक्षा सोपी.

* * *

त्या दिवशी तज्ज्ञांनी जे सांगितलं ते मात्र झोप उडवणारं होतं. काही बाळं जन्मतःच पावलं आत वळलेली घेऊन येतात. पूर्वी त्यांचं मोठं ऑपरेशन व्हायचं. आता म्हणे दर आठवड्याला हलक्या हातानं पाय थोडा सरळ करून प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्याला आणखी थोडा. मोठ्या ऑपरेशनची गरजच बहुतेक पडत नाही.

आमचे लेले सर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. लेले सर म्हणजे भाईंदरचे सगळ्यात जुने हाडांचे डॉक्टर. निम्म्या गावाचे पाय त्यांनी उघडून बंद केलेले. चाकूवर त्यांचं बायकोपेक्षा जास्त प्रेम, असं त्यांची बायकोच सांगते.

सबनीसांनी प्रॅक्टिससाठी स्टेशनजवळच्या बाजारातून प्लास्टिकच्या बाहुल्या आणल्या होत्या. प्रत्येकानं बाहुलीचा पाय हळूच वळवून प्लास्टर घालायचं. लेले सरांनी वळवला आणि पाय मांडीपासून उपटून त्यांच्या हातात आला. सरांनी पाय नीट टेबलावर ठेवला आणि तज्ज्ञांना म्हणाले, "म्हणून मी म्हणतो, ऑपरेशन बरं."

* * *

महिनाभरात माझ्याकडे सायली आली. पेणकरपाड्याची, काही दिवसांची पोर, दोन्ही पावलं आत वळलेली. आई रडून रडून थकलेली. बोलत होती ती आजी.

"डाक्टर, पोर शालंला चालत जाईल ना? आन चाकू लावू द्यायची न्हाय."

मी तिला लेले सरांकडे घेऊन गेलो, कारण दर आठवड्याला मुंबईला जाणं त्या घराला शक्य नव्हतं आणि आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. सर ऐकायलाच तयार होईनात. मी म्हटलं, "सर, प्लास्टरनं नाही जमलं तर चाकू कुठं पळून जातोय?"

हे त्यांना पटलं. बाळाची पावलं त्यांनी बराच वेळ हातात धरली, मग सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "घालतो प्लास्टर. पण ही पोरगी नुसत्या प्लास्टरनं बरी होऊन धावली, तर मी तिच्या मागं धावेन."

* * *

प्लास्टर घालताना बाळ शांत हवं. रडलं की पाय ताठ होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मी दुधाची बाटली धरायचो, तरी सायली लेले सरांचा चेहरा बघून भोकाड पसरायची. त्यात तिची चूक नव्हती.

सर म्हणाले, "काहीतरी गा."

मला गाता येत नाही. शेवटी सरांनीच सुरू केलं. अंगाईगीत त्यांना एकही येत नव्हतं, त्यांना फक्त गणपतीची आरती येत होती. पोर गप्प झाली, पाय सैल पडला, प्लास्टर झकास बसलं. बाहेर येऊन बघतो तर वेटिंग रूममधले सगळे पेशंट हात जोडून उभे. त्यातल्या एकाचा पाय कालच मोडलेला होता.

पुढं दर आठवड्याला हाच कार्यक्रम. शेवटी शेवटी बाहेरचे लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले.

* * *

पावलं खरोखरच वळत आली. प्लास्टर निघून पाऊल बघितलं की माझ्या तर डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी टाचेवरची शीर तेवढी ताठ राहिली. तिथं सुईच्या टोकाएवढा छेद द्यावा लागतो. आजीची समजूत मी काढली. लेले सरांना समजूत लागली नाही, त्यांचा चेहरा सणासारखा फुलला.

कोपरापर्यंत हात धुतले, मास्क लावला, नर्सनं मोठा ट्रे मांडला. सरांनी एका टाचेला टोचलं, दुसऱ्या टाचेला टोचलं. झालं. नर्सनं अजून ट्रेवरचं कापडही पूर्ण काढलं नव्हतं.

सर हातांकडे बघत म्हणाले, "एवढ्यासाठी मी आंघोळ केल्यासारखे हात धुतले?"

* * *

पुढचा भाग सगळ्यात अवघड. पावलं पुन्हा वळू नयेत म्हणून मुलाला दांडीनं जोडलेले बूट घालायचे. आधी दिवसरात्र, मग काही वर्षं फक्त झोपताना. बूट सुटले की केलेलं सगळं वाया. आणि आजी नेमकी तेच करत होती. नात रडली की बूट काढून उशाशी ठेवून द्यायची.

लेले सर भडकले. आजी त्यांच्यापेक्षा जास्त भडकली.

"तुमी झोपाल का, डाक्टर, असला काय घालून?"

संध्याकाळी सरांनी आपले जुने बूट काशिमीऱ्याच्या एका वेल्डरकडे नेले आणि मध्ये लोखंडी दांडी बसवून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे लाल करून ते आजीसमोर उभे राहिले.

"झोपलो. मी व्यवस्थित झोपलो. माझी बायको नाही झोपली."

आजी तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होती. त्यानंतर सायलीचे बूट रात्री कधीच निघाले नाहीत.

* * *

काही वर्षांनी तेच तज्ज्ञ पुन्हा आले. या वेळी वळण चुकले नाहीत. सबनीसांनी ठरवलं की लेक्चरच्या शेवटी सायलीला स्टेजवर चालवायचं. जेवणाची ड्यूटी माझी होती, म्हणून मी भटारखान्यात. सायलीला स्टेजवर आणायला लेले सर स्वतः खाली उतरले.

मी मागच्या दारानं डोकावलो तेव्हा स्टेजवर पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी चालत होती. आजीशेजारी उभी दिसली म्हणून सबनीसांनी तिलाच हात धरून वर नेलेलं. सगळी डॉक्टरमंडळी खुर्च्यांच्या काठावर.

मेहता म्हणाले, "उजवा पाय अजून जरा आत वळतोय."

"उजवा नाही, डावा," दुसरे कुणीतरी म्हणाले.

तज्ज्ञांनी वाकून निरखलं. "दोन्ही. किंचित. पण एवढं चालायचंच."

सबनीसांनी हात वर करून मतं घ्यायला सुरुवात केली. डावा पाय जिंकायच्या बेतात होता, तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला.

"आवो, ती आमची न्हाय. ती शेजारची पोर, सोबत आलीया. तिच्या पायाला कधी काय झालाच न्हाय."

वर केलेले हात एकेक करून खाली आले. सबनीसांनी कसंबसं विचारलं, "मग तुमची कुठंय?"

आजीनं दाराकडे बोट दाखवलं. दारात लेले सर उभे होते. घामानं शर्ट भिजलेला, छाती भात्यासारखी हलतेय, आणि हातात एक एवढीशी लाल चप्पल.

"जिन्यानं खाली गेली, गेटाकडे," ते कसेबसे म्हणाले. "कुणीतरी तरुण माणूस पाठवा रे."