जावक न झालेली यादी

फोन वाघमारे साहेबांच्या मुलीचा होता. "म्याडम, बाबा गेले सकाळी. तुम्हाला आधी कळवायचं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं," एवढंच ती बोलली. दिंद्रुडला कुठल्या गाडीनं यायचं, विधी किती वाजता, असं काहीबाही मी विचारत राहिले... फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तिला धीराचा एक शब्दही मी दिला नव्हता. त्याला आता दीड महिना झाला. साहेबांविषयी लिहायचं तर स्वतःविषयीही एक गोष्ट लिहावी लागणार होती. म्हणून इतके दिवस लिहिणं टाळत होते.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज होतं. तिथला सहकारी साखर कारखाना आणि आमची शिक्षण संस्था, दोन्हींचे अध्यक्ष एकच. मी वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि वाघमारे कार्यालय अधीक्षक होते. वडील शेतमजूर, छप्पननंतर लगेच बौद्ध झालेले. त्या घरात शिकलेले हे पहिले. त्यांच्याआधीच्या अधीक्षकांना सगळे साहेब म्हणत, यांना मात्र नुसतंच वाघमारे. मीही तसंच म्हणायची. नवी होते, उत्साह दांडगा होता. प्रत्येक वर्गातली हुशार मुलं एकत्र आणून गुणवंत विद्यार्थी मंडळ काढावं, त्यांनी खालच्या वर्गांना शिकवावं, बाहेरचे जाणकार बोलवावेत, असं माझ्या डोक्यात होतं. प्राचार्य म्हणाले, करा की. मी आनंदानं कार्यालयात गेले तर वाघमारेंनी प्रश्नच सुरू केले. खोली कुणाच्या नावानं मिळणार, निवड कोण करणार, हे प्राचार्य गेल्यावर पुढं काय... मला राग आला. कारकुनी आडकाठी वाटली ती. ते शांतपणे म्हणाले, "प्राचार्य तोंडानं हो म्हनले, उद्या तोंडानंच न्हाई म्हनतील. आदी कागद करू."

तो सगळा उन्हाळा त्यांनी कागद केले. नियमावली लिहिली. जिन्याखालची मोडक्या बाकांची खोली रिकामी करवून तिचा आदेश काढला. आठवड्यातून तीन दिवस एक लिपिक मंडळाच्या कामाला नेमून घेतला. निवड फक्त गुणांवर, तीन प्राध्यापकांच्या समितीनं करायची, हे वाक्य त्यांनी माझ्याकडून चारदा बदलून घेतलं. मग हा विषय नियामक मंडळाच्या बैठकीत मैदानाचं कुंपण आणि छताची गळती यांच्यामध्ये ठेवला. कुणी नीट वाचलासुद्धा नाही. ठराव मंजूर झाला.

त्या वर्षी, सलग दुसऱ्यांदा, पाऊस आला नाही. गावाला पंधरा दिवसांनी पाणी, आणि वसतिगृहाच्या विहिरीत नुसता गाळ. कारखान्याचा टँकर यायचा, त्यावर मुलींच्या वसतिगृहात बाराच जणी राहू शकणार होत्या. प्राचार्यांनी ठरवलं, मंडळात निवडलेल्या बारा मुली ठेवायच्या, बाकीच्यांनी घरी जायचं. कालपर्यंत कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या आमच्या यादीला एका दिवसात वजन आलं. समितीनं केलेल्या मुलींच्या यादीत बाराव्या क्रमांकावर मंदा होती. आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडणीला निघणार होते. वसतिगृह नसेल तर तीही त्यांच्याबरोबर जाणार, हे ठरलेलंच होतं.

अध्यक्षांनी मला कारखान्याच्या विश्रामगृहावर बोलावलं. एका संचालकाच्या पुतणीचं नाव घालायचं होतं. ती मुलगी दोन विषयांत नापास होती. मी नियम सांगायचा प्रयत्न केला. ते आवाज न चढवता म्हणाले, "एक नाव खाली-वर झालं तर काय बिघडतंय, बाई? टँकर कुनाचा हाय?" मग सहज बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, की माझ्या कायम नेमणुकीचा कागद पुढच्या बैठकीत येतोय. परतताना सगळ्या रस्त्यात मी स्वतःला समजावत होते, की टँकर बंद झाला तर बाराही जणी जातील... त्याच दुपारी मी मंदाचं नाव काढून नवी यादी केली, सही केली आणि वाघमारेंच्या टेबलावर ठेवून निघून आले.

दोन दिवस फलकावर काहीच लागलं नाही. अध्यक्षांचा माणूस दोनदा चौकशी करून गेला. मी स्टाफरूममध्ये बसायची आणि दार वाजलं की दचकायची. तिसऱ्या दिवशी वाघमारेंनी बोलावलं, खोलीचं दार लोटून घेतलं आणि खणातून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

"ही समितीची यादी. आन् ही तुमी परवा दिलती ती. जावक रजिस्टरला नोंद माझ्या हातानं व्हते, ती मी केली न्हाई. कोनती लावू, तेवढं सांगा."

"साहेब, टँकर बंद झाला तर?" मी त्यांना पहिल्यांदाच साहेब म्हणाले.

ते म्हणाले, "भीती मला बी हाय. लई हाय. पन मंदा कोयत्यावर गेली तर परत यायची न्हाई."

मी माझी यादी उचलली आणि फाडायला लागले. त्यांनी कागदावर हात ठेवला. "फाडू नका. रद्द लिहा, सही करा. झालंय ते कागदावर ऱ्हाऊ द्या." मी लिहिलं.

समितीची यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुली एकेका तांब्यात दिवस काढत होत्या. चौथ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, संध्याकाळपर्यंत वसतिगृह बंद करा. मंदानं तर पेटी भरूनच ठेवली होती. वाघमारे मात्र यादी लावली त्याच दिवशी तहसीलला गेलेले होते. ठरावाची प्रत, खोलीचा आदेश, बारा मुलींची नावं जोडून त्यांनी सरकारी टँकरसाठी अर्ज दिला होता आणि रोज जाऊन बसत होते. त्या दुपारी चारच्या सुमाराला टँकर फाटकातून आत आला. ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर फाईल घेऊन वाघमारे बसलेले होते.

पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली, दिंद्रुडला, संस्थेच्या शाळेत, खालच्या जागेवर. निरोप समारंभ झाला नाही. का, असं विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही. मलाही नाही. माझा कायम नेमणुकीचा आदेश वर्षभर अडकला आणि मग गाजावाजा न होता हातात आला. ते तिथूनच निवृत्त झाले, तिथंच घर बांधलं. कधी भेटले तर विचारायचे, मंडळाचं कसं चाललंय. चाललंय, मी म्हणायची. त्यापुढचं बोलायचं प्रत्येक वेळी राहून गेलं.

साहेबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मंदा आली होती. आता ती सहकार खात्यात अधिकारी आहे. तिनं वंदना म्हटली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. साहेबांच्या पत्नीनं, वहिनींनी, मला आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "तुमचं लई नाव घ्यायचे. म्हनायचे, बाई डगमगल्या न्हाईत म्हनून ती यादी लागली." इतकी वर्षं साहेबांनी स्वतःच्या घरातही त्या बदललेल्या यादीवरची माझी सही सांगितली नव्हती.

बाहेरच्या खोलीत, ते पेपर वाचत बसायचे त्या खिडकीपाशी, मुलीनं एक वही ठेवली होती. आलेला प्रत्येक जण त्यात आठवणी लिहीत होता. मी मंदाला शेजारी बोलावून घेतलं आणि विश्रामगृहापासून सगळं लिहून काढलं, तिचं नाव मीच खोडलं होतं हेसुद्धा. ती ओळीमागून ओळ वाचत होती. शेवटी तिनं वही माझ्याकडं थोडी सरकवली आणि म्हणाली, "सही राहिली, म्याडम."

मी सही केली.