हलव्याची नथ

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत नवऱ्याविना गेली. तो सव्वीस जानेवारीच्या परेडच्या तुकडीत निवडला गेला होता आणि सरावासाठी कॅम्पातच राहत होता. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये मी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, दोघीच. त्यांनी एकेक दाणा ओवून माझ्यासाठी हलव्याचे दागिने केले होते. ते लेकानं पाहिलेच नाहीत, ही गोष्ट त्यांना काही केल्या पचेना.

"परेडला घालूनच चल. बघू दे त्याला," त्या म्हणाल्या. मीही कमी हौशी नव्हते. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, सगळा साज चढवला आणि वरून शाल घेतली.

परेडच्या फाटकावर मेटल डिटेक्टर हूं की चूं करेना. पुढे पडद्याआड बायकांची तपासणी होती. तिथल्या पोलीसबाईंचा हात माझ्या कमरेवर आला आणि थांबला. शालीखाली, पोटाभोवती, गोळ्यागोळ्यांचा पट्टा. त्यांचा चेहरा पाहून मला हसू फुटलं. अशा वेळी हसू नये, पण ते माझ्या हातात नव्हतं.

"ये क्या बाँध रखा है?"

"साखर है," सासूबाई पुढे झाल्या. "खाके देखो ना."

मोठ्या साहेबीणबाई आल्या. खाण्याचं सामान आत जाणार नाही, म्हणाल्या.

"खाने का नहीं, पहनने का है."

"अभी तो आप बोलीं, खा के देखो."

सासूबाई आपल्याच शब्दांत सापडल्या. शेजारच्या पिंपात अत्तराच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे पडले होते. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे, आणि हाराचा दोरा दातांनी कटकन तोडला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत रांगेतल्या प्रत्येकीच्या हातावर हार पडू लागला. पंजाबी मावश्या बाजूबंद चघळत होत्या. मी झोडपलेल्या बोरीसारखी उभी होते आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. पोलीसबाईंनी कंबरपट्ट्याचे दोन दाणे तोंडात टाकले आणि नथीकडे बघून म्हणाल्या, "ये रहने दो, अम्माजी."

आत जाऊन बसतो न बसतो तोच तुकडी आली. मी नथ सावरून ताठ उभी राहिले. सगळ्यांच्या सारख्या मिशा, सारखे हात, सारखे बूट. "कुठला गं आपला?" सासूबाईंनी विचारलं. मला सांगता येईना. आम्ही दोघींनी सगळ्या तुकडीला हात केला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. दाराशीच मी विचारलं, "दिसले का मी?"

"पुढच्याची मान सोडून काही दिसत नाही," तो म्हणाला.

"मलाही तू ओळखू आला नाहीस."

नथ अजून माझ्या नाकात होती. तो ती बघत राहिला, इतका वेळ, की सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.