मारुतीचा कोटातला फोटो

"काका, कॅमेरा ऱ्हाऊ द्या. निगेटिव्ह घ्या आन् चला. मारुतीला आत सोडंनात."

परीक्षा केंद्राच्या शिपायानं सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली आणि तिथूनच ओरडला. दहावीच्या बोर्डाचा पहिला दिवस. मराठीचा पेपर. घोडेगावात माझा फोटो स्टुडिओ, आणि परीक्षेचं केंद्र दुकानापासून हाकेच्या अंतरावर. पेपर सुरू व्हायला थोडा वेळ होता.

"कुठला मारुती?" मी विचारलं.

"त्यो टक्कल केलेला."

"माझ्याकडं टक्कल केलेलं कुणी आलंच नव्हतं."

"आवो, त्ये बी तेच म्हनत्यात ना!"

मी शटर अर्धं ओढलं आणि निगेटिव्हची पाकिटं घेऊन निघालो.

आता मागचं सांगतो. नव्वदीची शेवटची वर्षं. मागं कुठल्या तरी केंद्रावर दुसऱ्याच्या नावानं पेपरला बसलेला तोतया सापडला होता. म्हणून आमच्या केंद्रावर त्या वर्षी ठरलं, की बाहेरगावच्या पोरांनी हॉल तिकिटाबरोबर शाळेचं ओळखपत्रही आणायचं, फोटो लावलेलं. डोंगराकडच्या एका शाळेची दहावीची पोरं घेऊन केंगले सर दिवाळीनंतर माझ्याकडं आले. केंगले सर म्हणजे त्यांचे वर्गशिक्षक. एका जीपमध्ये अख्खा वर्ग. त्यातली अर्धी पोरं आयुष्यात पहिल्यांदा फोटोला बसत होती.

माझ्या दुकानात एक काळा कोट होता. एक तयार गाठीचा टाय, एक कंगवा, पावडरचा डबा आणि आरसा. पासपोर्टच्या फोटोत छातीपर्यंतच दिसतं. त्यामुळं वर कोट-टाय आणि खाली खाकी चड्डी, पायात स्लिपर, असा सगळा कारभार. बारक्या पोरांना कोट ढगळ व्हायचा, मग मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. पोरांनी रांग लावली आणि एकाच कोटात एकामागून एक सगळे साहेब होऊन बाहेर पडले.

बबन नावाचं पोरगं ताडमाड उंच. कोटाच्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंत. स्टुलावर बसवलं तरी डोकं पडद्याच्या वर जाई. शेवटी त्याला खाली फरशीवर बसवून फोटो काढला. तर म्हणतो, "काका, उभ्याचा फोटो काढा ना, हुंची दिसंल." दिगंबरचं वेगळंच. त्याला सांगितलं, हसू नको. तर त्यानं श्वासच कोंडला. गाल फुगले, डोळे बाहेर. "अरे सोड की हवा!" म्हटल्यावर सगळी हवा हसण्यातून बाहेर आली आणि मागची रांगही हसत सुटली. तीन वेळा हेच. हौसा म्हणून एक मुलगी होती, वर्गाची मॉनिटर. ती रागानं म्हणाली, "दिग्या, येळ नको लावू, जीप जाईल." स्वतःची पाळी आल्यावर ती कॅमेऱ्याकडं अशी बघत बसली, जणू मीच गृहपाठ केला नव्हता. फोटोत अजूनही तसंच बघते.

आणि मारुती. त्याच्याबरोबर त्याची आई आली होती. बाप लहानपणीच वारलेला. मारुतीच्या डाव्या भुवईपासून गालापर्यंत मोठा व्रण होता. रांगता असताना विळीवर पडला होता म्हणे. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, फोटो जरा चांगला काढा. त्याचा एवढा एकच फोटो व्हनार. म्होरं सोयरीक जुळवायला बी त्योच लागंल. तेवढा डाग काय जमला तर बघा."

न जमायला काय झालं? त्यासाठीच तर लोक माझ्याकडं यायचे. ही कला आता गेली म्हणून सांगतो. तेव्हा फोटो निगेटिव्हवर यायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तोंडावरचा डाग तिथं फिकट दिसतो. त्या फिकट जागेवर भिंगातून बघत, टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरत जायचे, की छापताना डाग गायब. याला रिटचिंग म्हणतात. मारुतीच्या व्रणावर मी दुपारभर बसलो. शिवाय कपाळ उजळलं, गाल भरले. फोटो असा झाला, की आईनं पदरानं पुसून बघितला. मला स्वतःला तो माझ्या उत्तम कामांपैकी एक वाटत होता.

मग मध्ये चार-पाच महिने गेले. परीक्षेच्या तोंडावर मारुतीचा आजा वारला. घरात बाप नाही, म्हणजे क्रियेला नातूच बसला. दहाव्याला डोकं भादरलं, मिशीची लव फुटली होती तीही गेली. आणि त्याच टकलानं पोरगं परीक्षेला आलं.

केंद्रावर पोचलो तर फाटकाजवळ आई उभी. मला बघून धावत आली. "भाऊ, फोटो चांगला व्हता ना वो?"

"लई चांगला व्हता," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

"यंदा न्हाई बसला तर चुलता थांबनार न्हाई. त्यानं नारायनगावच्या मार्केटला बोलून ठिवलंय. टमाट्याच्या गाड्या भराया लावनार. मग कुठली आलीय शाळा!" ती रडत नव्हती. पण पदराचं टोक पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती. मी आत गेलो.

केंद्रसंचालक, म्हणजे परीक्षा केंद्राचे प्रमुख, पुण्याकडून आलेले होते. बारीक चष्मा, इस्त्रीचा शर्ट. टेबलावर ओळखपत्रं मांडून बसले होते. समोर केंगले सर घामाघूम. कोपऱ्यात मारुती, डोकं चकचकीत, हातात कंपास पेटी.

"तुम्ही फोटोग्राफर?" साहेब म्हणाले. "हे काय आहे? मला वाटलं एकाच मुलाची सगळी ओळखपत्रं आहेत."

मी बघितलं. खोटं नव्हतं. एकच कोट, एकच टाय, एकच भांग, एकच पावडर.

"बाकीचे तरी ओळखू येतात, कान-नाक बघून सोडले. पण हा फोटो आणि हा मुलगा? केस नाहीत ते मी समजू शकतो. पण हा एवढा व्रण फोटोत कुठाय? की फोटो काढल्यावर झाला?"

"लहानपणीचा हाय सर," मारुती पुटपुटला.

"मग फोटोतून गेला कुठं?"

मी सांगितलं, रिटचिंग केलंय. निगेटिव्ह काढून दिली. साहेबांनी ती खिडकीकडं धरली. निगेटिव्हमध्ये तोंड काळंकुट्ट आणि केस पांढरेशुभ्र. "हा तर माझा आजा दिसतोय," ते म्हणाले.

"सर, टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पेन्सिल पुसता येते. पुसतो, पटकन छापून आणतो. व्रण जसाच्या तसा दिसेल."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "म्हणजे व्रण तुम्हीच घालवला, आणि आता तुम्हीच परत आणणार. मग तुमच्या फोटोला पुरावा कसं म्हणायचं?"

बोलणं बिनतोड होतं. इतकी वर्षं लोक माझ्या हाताचं कौतुक करत होते, आणि त्या हातानंच माझी साक्ष बाद झाली. मला राग आला, पण माणूस बरोबर होता.

"सर, मी याला पाचवीपासून शिकवतोय," केंगले सर म्हणाले.

"तुमच्या शाळेचा निकाल तुम्हाला हवा असणारच. तुमच्यावर अविश्वास नाही, पण तुमची साक्ष मी धरू शकत नाही." मग साहेबांनी थोडा विचार केला. "असं करू. याला शेजारच्या खोलीत बसवा. याच्या वर्गातली तीन मुलं मी निवडतो. एकेकटी येतील. कशासाठी ते कुणी सांगायचं नाही. त्यांनी मारुतीचं वर्णन करायचं. जुळलं तर जुळलं."

माणूस कडक होता, पण पोराचं वर्ष घालवायची त्याला हौस नव्हती, हे मला तिथं कळलं.

पहिला आला बबन. दारात वाकून आत आला. साहेबांनी विचारलं, "तुमच्या वर्गातल्या मारुतीबद्दल सांग."

बबनला वाटलं, मारुतीनं काही तरी भानगड केली. "सर, त्यानं काय केल्यालं न्हाई. केलं असंल तर आमी सगळ्यांनी केलंय."

"अरे, कसा आहे तो मुलगा, ते सांग."

"चांगला हाय. गनित लई यतं त्याला. पन सोडवताना जीब भाईर काडतो. जेवडं गनित अवगड, तेवडी जीब लांब. आमी जिबंवरूनच वळखतो, हे आपल्याला काय जमायचं न्हाई."

"तोंडावर काही खूण?"

बबननं वर बघून विचार केला. "न्हाई सर."

केंगले सरांनी कपाळावर हात मारला. मी त्याच्याकडं डोळे वटारले, तर साहेब म्हणाले, "फोटोग्राफर, तुम्ही भिंतीकडं बघा."

दुसरा दिगंबर. आल्या आल्या त्याला हसू फुटलं. भीतीनं फुटतं त्याला. "मारुती ना? सर, त्यो हाक मारली की आदी खाकरतो, मग 'ओ' देतो. हजेरीला बी तसंच. एकदा थंडीतापानं घरी व्हता, तर त्याच्या नंबरला आमी सगळ्यांनी खाकरलं. सरांनी हजेरी लावली की!"

केंगले सरांना ही बातमी नवीन होती.

"तोंडावर खूण?" साहेब.

"खून? कसली? न्हाई बा."

तिसरी हौसा. ताठ उभी राहिली. "सर, मारुती कुनाच्या बी डब्यातलं खातो, पन इच्यारल्याबिगर न्हाई. इच्यारतो, कुनी केलंय? आमच्या आईनं केलंय म्हनलं तर घेतो. माझ्या म्हातारीनं, म्हनजे आज्जीनं केलंय म्हनलं तर हात जोडतो, कारन ती मीठ इसारती. आन् कुनाला लागलं-खुपलं की पैला त्योच पळतो. बाकी आळशी हाय."

"हौसा, नीट आठव. त्याच्या तोंडावर काही खूण आहे?"

"न्हाई सर," ती ठाम म्हणाली. मॉनिटरच ती.

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "ऐकलंत? तिघांनाही व्रण माहीत नाही. फोटोत व्रण नाही. फक्त या समोरच्या मुलालाच व्रण आहे. मी काय समजू?"

बाहेर ती बाई पदर पिळत उभी होती. दोस्तांनीच गळा कापला पोराचा, आणि तोही इतकं चांगलं बोलून! केंगले सर उठलेच. "सर, एक विनंती. याला एक गणित घालू द्या. पोरं जे बोलली ते तरी बघा."

घंटेला थोडाच वेळ उरला होता. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

केंगले सरांनी कोऱ्या कागदावर बीजगणितातलं एक उदाहरण लिहिलं. साहेबांनी दारातून हाक मारली, "मारुती!"

आतून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग, "ओ सर."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मारुती येऊन बसला, पेन्सिल धरली. पण पोरगं इतकं घाबरलेलं, की ओठ गच्च मिटलेले. पहिली पायरी झाली, ओठ मिटलेलेच. दुसरी झाली. मी मनात म्हटलं, काढ रे बाबा, देवाशपथ काढ! तिसऱ्या पायरीला तो अडला. भुवया आक्रसल्या, व्रणाला सुरकुती पडली, आणि डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक हळूच बाहेर आलं. गणित वाढत गेलं तशी जीभ वाढत गेली. उत्तर लिहीपर्यंत हनुवटीला टेकायची बाकी होती.

साहेबांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले. "जा, पळ. नंबर शोध तुझा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पुढच्या पेपरच्या आत नवा फोटो. जसा आहे तसा. समजलं?"

घंटा झाली तेव्हा मारुती बाकावर होता. मी फाटकाबाहेर येऊन आईला सांगितलं, "बसला." ती तिथंच मातीत खाली बसली आणि मग रडली. तिच्या शेजारी मीही थोडा वेळ उभा राहिलो.

पेपर सुटल्यावर मारुती नव्या फोटोसाठी दुकानात आला, त्याच्यामागं ती तिघंही. कोट दिला नाही. आहे त्या शर्टावर बसवला. दिवा लावला तसा व्रण स्वच्छ दिसायला लागला. मी हौसाला जवळ बोलावलं. "काय गं, तोंडावर खूण न्हाई म्हणालीस? मग हे काय हाय?"

तिनं मारुतीकडं बघितलं. नीट बघितलं. बबननंही बघितलं, दिगंबरनंही. दिगंबर पहिल्यांदाच हसला नाही.

"ह्यो व्हय?" हौसा म्हणाली. "आवो, ह्यो तर पैल्यापासून हाय."

मारुती पास झाला, बरे मार्क पडले, मार्केटचं बोलणं मागं पडलं. मी शाळेच्या फोटोला त्यानंतर कधी पेन्सिल लावली नाही. आणि एक शिकलो. कुणाच्या तोंडावरची खूण विचारायची झाली, तर ती परक्याला विचारावी. जवळच्या माणसाला ती सांगता येत नाही.