ओळखीची मुरड

कारखान्याच्या भट्टीवर अक्का एकोणीस वर्षं होती. कामगार सकाळी घरून कच्च्या पाई आणून फळीवर ठेवत. मैद्याच्या दोन पाऱ्या, मध्ये सारण आणि कडेला मुरड. जेवणाच्या सुट्टीत अक्का ज्याची त्याच्या हातात गरमागरम द्यायची. चिठ्ठी नाही, खूण नाही. प्रत्येक घरची मुरड वेगळी आणि अक्काला ती पाठ.

पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि नवे साहेब पाईंना लावायला पत्र्याचे नंबर घेऊन आले. "आज एकही चुकली नाही तर भट्टी तुमची," ते म्हणाले. "नाहीतर उद्यापासून नंबर लावू. तुम्ही आराम करा."

आराम म्हटल्यावर अक्काने पदरच खोचला.

तिने डोळ्यांचा नाद सोडला आणि कडांवरून बोटं फिरवली. इतक्या वर्षांत त्यांना चटका बसेनासा झाला होता. "ही वेल्डरची, बायकोला कायम घाई. ही शिलाईवालीची. मुरड कसली, नुसते चिमटे काढलेत." एकतीस पाई बिनचूक गेल्या. साहेब आ वासून बघत राहिले. शेवटची उरली. दोन रुंद घड्या, एक अरुंद, पुन्हा दोन रुंद. अक्काच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "फिटर, तुमची घ्या."

जेवणघरातल्या सगळ्या माना फिटरकडे वळल्या. फिटरची बायको जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून तो कोरडा पावच खायचा. पाई होती आजच कामावर लागलेल्या मुलीची.

"चुकली," साहेब हळूच म्हणाले.

फिटर मात्र पाव ठेवून उठला. त्याने पाई हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "ही तर तिच्याच हातची," तो म्हणाला.

मुलगी चाचरली. "मीच केलीय. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एक काकू होत्या, त्यांनी शिकवली."

"ती आमचीच. शाळेत स्वयंपाकाला जायची," फिटर म्हणाला.

अक्काच्या अंगावर सरसरून काटा आला. बाई गेली, आणि तिची मुरड आज भट्टीतून ताजी निघाली. इतकं मोठं काही तिने आयुष्यात हातात धरलं नव्हतं.

"साहेब, चूक मांडा माझी," ती म्हणाली.

"कसली चूक?" साहेबांनी नंबर खिशात कोंबले.

फिटरने पाई मुलीला परत दिली. "उद्या मैदा घेऊन येतो," तो म्हणाला. "मला शिकवशील? वीस वर्षं घरात चालू होतं, मी कधी बघितलंच नाही."