बनुबाईच्या अंगठ्याची बिस्किटं

दिवाळी तोंडावर आली की महंमदभाईंच्या भट्टीपुढं पाय ठेवायला जागा उरत नाही. कराडच्या आसपासच्या गावांतून बायका घरचं पीठ, घरचं तूप आणि पिठीसाखर घेऊन येतात, तिथंच बसून गोळे वळतात आणि बिस्किटं भाजून नेतात. भट्टीत सगळे ट्रे सारखेच दिसतात, मग भांडणं होतात. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी बिस्किटावर काट्याचा चमचा दाबतं, कुणी सोड्याच्या बाटलीचं बूच. बनुबाईनं मात्र कधी असली उपकरणं आणली नाहीत. ती आपला उजवा अंगठा दाबायची.

त्या अंगठ्यावर एक खोल चीर होती. लग्न होऊन आली त्याच साली गवत कापताना विळा लागला होता. जखम भरली, चीर तशीच राहिली. त्यामुळं तिच्या बिस्किटावर खळगा पडायचा आणि खळग्याच्या मधोमध एक बारीक रेघ वर उठून यायची. महंमदभाईंची बायको नूरजहां न विचारता तो ट्रे बनुबाईपुढं ठेवायची.

यंदा श्रावणात तो अंगठा गेला. म्हशीची वैरण कापताना हात कडबाकुट्टीत ओढला गेला. बोटं वाचली, अंगठा बुडापासून गेला. बनुबाईनं शुद्धीवर आल्यावर सुनेला, सृष्टीला, पहिलं काय सांगितलं असेल तर, "जयराजला कळवायचं न्हाई."

जयराज हा तिचा एकुलता एक मुलगा, फौजेत. कुठं आहे ते त्याला सांगता येत नाही आणि बनुबाईला नकाशात शोधता येत नाही. खूप वर, बर्फात, एवढंच दोघींना ठाऊक. त्याचा फोन आला तर येतो. इकडून लावायची सोय नाही. गेल्या साली आकाराम वारला, म्हणजे त्याचा बाप, तेव्हा बर्फानं रस्ता बंद होता. पोरगा खाली उतरू शकला नाही. बापाचं तोंड दिसलं नाही म्हणून त्यानं तिथं अन्न टाकलं होतं. हे बनुबाईला कळलं तेव्हा तिनं मनाशी गाठ मारली, की पोरगा वर असेस्तोवर घरातलं वाईट काही त्याच्या कानावर घालायचं नाही. तो ऐकून करणार काय? नुसता जळत बसणार.

शेजारच्या नाथाजीचा ऋषिराज त्याच पलटणीतला. सुट्टी संपवून दिवाळीआधीच निघणार होता. यंदा तो खालच्या तळावर होता. डबा वर जाणाऱ्या सामानातून जयराजपर्यंत पोचवायचं त्यानं कबूल केलं.

"पर हाताचं बोलायचं न्हाई, ऋषी," बनुबाई म्हणाली.

"न्हाई बोलत, काकी. पर यंदा बिस्किटं कोण करणार?"

"सृष्टी हाय की."

ऋषिराज जरा घुटमळला. "काकी, त्यो तुमचं बिस्कीट लगेच खात न्हाई बघा. हातात धरून त्या खळग्यात अंगठा फिरवत बसतोय. आमी लय चेष्टा करतो त्येची."

बनुबाईला हे माहीतच नव्हतं. तिला वाटायचं, पोरगं चहात बुडवून खात असेल, झालं. ती पदराखालचा हात घट्ट धरून बसून राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासू-सून भट्टीवर गेल्या. सृष्टीनं पीठ मळलं, गोळे वळले. डाव्या हाताचा अंगठा दाबायला बनुबाई स्वतः बसली. खळगा बरा पडला, पण गुळगुळीत. मग तिनं नूरजहांकडून आगपेटीतली काडी मागून घेतली आणि डाव्या, अडाणी हातानं एकेका खळग्यात मधोमध रेघ ओढली. काडी निसटायची, रेघ वाकडी जायची, की गोळा मोडून ती पुन्हा वळायला लावायची. मागं नंबर लावलेल्या बायका कुरकुरायला लागल्या तशी नूरजहां त्यांच्यावर खेकसली.

"जमलं का गं?" बनुबाईनं विचारलं.

"हुबेहूब, आत्ती," सृष्टी म्हणाली. नूरजहां ट्रेकडं बघत राहिली. बनुबाईचा चेहरा इतका खुलला होता, की नूरजहांच्यानं तरी काय बोलवणार?

डबा गेला. दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. बनुबाई फोन उशाला घेऊन निजायची, म्हशीपाशी जाताना कंबरेला खोचायची.

एक दिवस उन्हं कलताना फोन वाजला. आवाज लांबून, खरखरत येत होता.

"आये, बिस्किटं पोचली."

"कशी झाल्यात रं? खुसखुशीत हायती का?"

"चांगली हायती. पर आये, रेघ आत गेलीया."

"कसली रेघ?"

"तुझ्या अंगठ्याची. ती वर असती. बोटाला लागती. ह्या येळी आत हाय, कुणीतरी काढल्यागत."

चिरेची रेघ वर उठते आणि काडीची आत जाते, हे एवढंसं बनुबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. आयुष्यभर बिस्किटं केली आणि आपल्याच हाताची खूण तिला ठाऊक नव्हती.

"आरं, भट्टीच जास्त तापली हुती बाळा..."

"आये, खोटं बोलू नगंस. बिस्किटं तू केली न्हाईस. बाबांच्या टायमाला बी आजारी हायत म्हणूनच सांगितलं हुतंस तू, आन् तवा ते गेलं हुतं. तुला काय झालंय? मला हितनं येता यायचं न्हाई, आये, पर काय झालंय ते तरी सांग."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. बनुबाईनं सांगायला तोंड उघडलं आणि खरखर थांबली. लाइन तुटली होती.

"जयराज? आरं बाळा?"

सृष्टी धावत आली. तिनं तोच नंबर लावला. हिंदीत एक बाई बोलली, की हा नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा लावला; पुन्हा तीच बाई. ऋषिराजचा फोन बंद लागत होता. वर तिकडं जयराज आता काय काय समजत असेल, या विचारानं सृष्टी तोच पहिला नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिली.

बनुबाईनं तिच्या हातातून फोन घेतला आणि त्या हिंदी बोलणाऱ्या बाईलाच ओरडून सांगितलं, "आवं, त्येला सांगा, नुसता अंगठा गेलाय! बाकी सगळी हाय मी!"